ऑर्गनची बिदागी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात चर्चमध्ये वाजवणारा माणूस आठवडाभर दुसरंच काहीतरी करत असतो. कुणी शाळेत शिकवतो, कुणी कारखान्यात पाळी करतो, कुणी चिकूच्या वाडीत हिशेब लिहितो. रविवारी सकाळी तो पेटीपुढे किंवा कीबोर्डपुढे बसतो, दोन तास वाजवतो आणि घरी जेवायला जातो. पैशाचा विषय कुणी काढत नाही. युरोपात याच बाकावर काही शतकं नेमणूक, पगार, बढती आणि भांडणं असं सगळं रीतसर चालत आलं आहे. आपल्याकडे तसं व्हावं का, यावर मी दोन माणसांना समोरासमोर बसवलं आहे. दोघंही माझ्या कल्पनेतली. ती जी माहिती बोलतात ती मात्र खरी.

गुरुजी मूळचे नगरचे. जिल्हा परिषदेच्या नोकरीने डहाणू तालुक्यात आले आणि इथलेच झाले. एका प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं पेटी आणि पायपेटी वाजवली. शिष्या तलासरी तालुक्यातल्या वारली कुटुंबातली, कॅथलिक. वसतिगृहात असताना पहिल्यांदा कीबोर्डला हात लागला, कॉलेजसाठी डहाणूला आली तेव्हा गुरुजींकडे पेटी शिकली. आता संगीताच्या वर्गात शिकवते आणि पाइप ऑर्गनच्या परीक्षा द्यायचं तिच्या मनात आहे.

गुरुजी: नाताळला तू इथे वाजवणार, असं मी कमिटीला सांगून बसलोय.

शिष्या: मला न विचारता? गुरुजी, नाताळ ते नवीन वर्ष मी मुंबईत आहे. चार मिस्सा आणि नाताळनंतर दोन लग्नं. बिदागीही ठरलीय.

गुरुजी: प्रार्थनेची बिदागी!

शिष्या: वाजवण्याची. प्रार्थना फुकटच आहे. तुमच्या चर्चमध्ये फुलवाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, साउंडवाला तर अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय वायरचं भेंडोळं सोडत नाही. त्यांची भक्ती कमी पडते असं कुणी म्हणत नाही.

गुरुजी: ते बाहेरचे, तू घरची. मी त्या बाकावर एक रुपया घेतला नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' काढला, पगाराशिवाय देवाचं काम करून दाखवलं. त्यांची भजनं वाजवायची आणि वर पाकीट खिशात घालायचं, हे मला जमलं नसतं.

शिष्या: टिळकांनी नोकरी सोडली ती वीसेक वर्षं केल्यावर. आणि त्या सगळ्या काळात घर कसं चाललं, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. टिळकांचा त्याग आपण गातो. त्याचा हिशेब बाईंच्या पुस्तकात सापडतो.

गुरुजी: जीभ फार चालायला लागली.

शिष्या: पुस्तक तुम्हीच दिलं होतंत. आता तुमचंच सांगते, राग मानू नका. तुम्ही रुपया घेतला नाहीत, कारण एक तारखेला जिल्हा परिषदेचा पगार होता. दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी होती. आता पेन्शन आहे. तुमची सेवा खरीच, पण तिचा खर्च सरकारी तिजोरीतून निघत होता. आमच्याकडे भात पावसावर. दिवाळी झाली की बा वीटभट्टीवर, भाऊ गुजरातेत बोटीवर खलाशी. मी रविवार फुकट दिला तर तो खर्च बा आणि भाऊ उचलणार.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मलाही या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने फारसं काही सुचलं नाही. विनामूल्य सेवेचं कौतुक करताना ती कुणाला परवडते, हे आपण विचारत नाही. आणि मग चर्चच्या, देवळाच्या, ग्रंथालयाच्या खुर्च्यांवर तीच तीच निवृत्त, पेन्शनवाली माणसं का दिसतात याचं नवल करतो. पण गुरुजी इतक्यात हार मानणारे नव्हेत.

गुरुजी: समजा, पगार दिला. मग मालक कोण? आज मला चाल संथ घ्यावीशी वाटली, घेतली. उद्या कमिटी म्हणेल, पगार देतो, लवकर आटपा.

शिष्या: म्हणेलच. बाखलाही म्हणाले होते. १७०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आर्नश्टाट नावाच्या गावात त्याला ऑर्गनिस्टची नोकरी लागली. दोन वर्षांनी चार आठवड्यांची रजा टाकून तो ल्यूबेकला गेला, बुक्स्टेहूड नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनिस्टला ऐकायला. चारशे किलोमीटर, पायी. परतला चार महिन्यांनी. कमिटीने फैलावर घेतलं.

गुरुजी: घेणारच. मुख्याध्यापक असतो तर मी मेमो दिला असता.

शिष्या: वर हेही सुनावलं, की तू गाण्यात असले विचित्र सूर मिसळतोस की लोक गोंधळतात.

गुरुजी: बघ! तुझ्याच तोंडून आलं. वाजवणारा फार शिकला की गाणाऱ्यांची पंचाईत होते.

शिष्या: पण त्याला नोकरीवरून काढलं नाही. रजेचा नियम होता, तक्रार करायची जागा होती, नवीन गावात जास्त पगारावर जायची सोय होती. पुढे १७२३ साली तो लाइपझिगला गेला आणि १७५० साली मरेपर्यंत तिथल्या जागेवर राहिला. पगार पुरत नाही म्हणून तो कुरकुरायचा, पण ती कुरकूर कुणाकडे करायची हे ठरलेलं होतं. माझ्यासारखीने कुणाकडे करायची?

गुरुजी: आणि तो म्हातारा? बुक्स्टेहूड?

शिष्या: त्याची वेगळीच गंमत. त्याच्या जागेवर जो बसेल त्याने त्याच्या मुलीशी लग्न करायचं, अशी अट. त्यानेही आधीच्या ऑर्गनिस्टच्या मुलीशीच लग्न केलं होतं. १७०३ साली संगीतकार हँडेल आणि त्याचा मित्र माटेसॉन जागा बघायला गेले, ऑर्गन वाजवून पाहिला, अट ऐकली आणि परतले.

गुरुजी: म्हणजे नोकरीबरोबर स्थळ. तुझ्या धंद्यात हे अजून चालतं का?

शिष्या: आता डिप्लोमा विचारतात.

(ही अट ऐकून कुणी युरोपीय मागासलेपणावर हसू नये. आपल्याकडे किती घराण्यांची गादी जावयाकडे गेली, हे मोजायला बसलो तर लेख भरकटेल.)

गुरुजी: डिप्लोमाचंच बोलू. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे ना आपली? पेटीवर विशारद कर, अलंकार कर. विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं ते याचसाठी, की गवयाला माणसात जागा मिळावी. परीक्षा त्यांच्या परंपरेतल्या, भाषा आपली, केंद्र जवळ.

शिष्या: मध्यमा तुमच्याकडूनच केली. राग, ताल, आलाप, सगळं मिळालं. पण चर्चच्या बाकावर लागतं ते वेगळं. समोर चार आवाजांचं स्टाफवरचं गाणं येतं, ते बघता क्षणी वाजवायचं. गाणाऱ्यांना उंच पडलं तर जागच्या जागी एक सूर खाली आणायचं. पाद्री अजून वेदीकडे पोचलेले नाहीत आणि गाणं संपलं, तर तिथेच काहीतरी रचून वेळ भरायचा. लंडनला ऑर्गनिस्टांचं रॉयल कॉलेज आहे, १८६४ सालचं. तिथल्या परीक्षेत हेच विचारतात: दिलेली चाल दुसऱ्या पट्टीत वाजवा, एका ओळीखाली स्वरसंगती भरा, दिलेल्या सूत्रावर उत्स्फूर्त वाजवा. जर्मनीत तीन पायऱ्या आहेत. 'क' दर्जा म्हणजे अर्धवेळ, 'ब' आणि 'अ' म्हणजे विद्यापीठातलं शिक्षण आणि पूर्णवेळ नोकरी. तिथला वादक नुसतं वाजवत नाही. गायकवृंद चालवतो, मुलांना शिकवतो.

गुरुजी: आणि 'क' दर्जाचे किती?

शिष्या: (जरा थांबून) बरेच. 'अ'च्या जागा मोठ्या चर्चमध्ये, त्या मोजक्या.

गुरुजी: म्हणजे तिथेही गावोगावी माझ्यासारखाच मास्तर बसतो.

शिष्या: बसतो. पण परीक्षा देऊन बसतो, आणि महिन्याअखेर त्याला काहीतरी मिळतं.

गुरुजी: बरं, शिकणार कशावर? इथे पाइप ऑर्गन आहे कुठे?

शिष्या: मुंबईत. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे. सरावाला एका जुन्या चर्चने आठवड्यातून एक तास दिलाय. २०१३ पासून डहाणू रोडला लोकल आली, म्हणून हे तरी शक्य झालं. चर्चगेट ते डहाणू सव्वाशे किलोमीटर. एक तास वाजवायला दिवस जातो.

गुरुजी: आणि उरलेले सहा दिवस?

शिष्या: घरी. फरशीवर खडूने पेडल काढलेत.

गुरुजी: काय काढलंय?

शिष्या: पेडल. ऑर्गनला पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात, तीस-बत्तीस, साधारण अडीच सप्तकं. खर्ज पायांनी चालतो. मी मोजमाप घेऊन आले आणि खोलीत खुर्चीखाली शहाबादीवर सगळे आखले, काळ्या पट्ट्यांसकट. हात टेबलावर, पाय खडूवर. ऑर्गनसाठी पातळ तळव्याचे, थोड्या टाचेचे बूट लागतात, चवड्याने एक पट्टी आणि टाचेने पलीकडची. पायांकडे बघायचं नाही, नजर कागदावर. आई रोज झाडताना विचारते, हे पुसू का.

मला या खडूच्या पेडलांबद्दल तिला आणखी विचारावंसं वाटलं. आवाज न करणाऱ्या वाद्यावर सराव करताना चूक कळते कशी? तिचं म्हणणं असं, की चुकीच्या पट्टीवर पाय पडला की पोटऱ्यांना कळतं; शिवाय बुटाच्या तळव्याला खडू लागतो, तो कुठल्या बाजूला लागलाय ते नंतर बघता येतं. गुरुजींनी हे ऐकून घेतलं आणि आतून आपली पायपेटी उघडून दाखवायला लागले.

तिचंही थोडं सांगायला हवं. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पाइपशिवाय, पितळी पात्यांवर चालणारं हे वाद्य लहान चर्चना आणि मिशनऱ्यांना सोयीचं पडलं. पायाने भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन रीड ऑर्गनचा आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मऊ. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पाय काढून हाताचा भाता बसवला आणि जमिनीवर मांडी घालून वाजवायची पेटी झाली. पायाचं वाद्य मात्र मराठी माणसाने सोडलं नाही: बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गन रुजला आणि नाट्यगीताच्या मैफलीत तो आजही लागतो. चर्चसाठी आलेलं वाद्य थिएटरात जाऊन टिकलं, हे जरा नवलाचंच.

गुरुजी: हा बघ भाता. उंदराने कुरतडला होता, मी जुन्या रेक्झिनचं ठिगळ लावलं. समुद्राची हवा पितळेला खाते, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. श्रावणात वरचा सा दाबला की सुटतच नाही, भजन संपलं तरी तो आपला वाजत राहतो. आत कापराची पुरचुंडी ठेवतो. पातं बसलं की काढून कागद फिरवायचा, हलक्या हाताने, नाहीतर सूर चढतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

शिष्या: नाही शिकवत. म्हणूनच म्हणते, हे काम आहे. कुणीतरी वर्षभर करतं म्हणून पेटी वाजते. तुम्ही ते फुकट केलंत, म्हणून कमिटीला वाटतं ते आपोआप होतं.

गुरुजी: या भागात ज्यांनी मिशनचं काम सुरू केलं त्या अमेरिकन ब्रदरन लोकांची गोष्ट माहीत आहे? डहाणूचा दवाखाना त्यांचा. १९७० साली ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले. त्यांच्या जुन्या रिवाजात उपासनेत वाद्यच नसायचं. नुसता गळा. ऑर्गन म्हणजे चैन, दिखावा. मला ते कधी कधी पटतं. वाद्य चांगलं वाजायला लागलं की लोक गायचं सोडून ऐकायला लागतात.

शिष्या: मग तुम्ही पेटी का वाजवलीत?

गुरुजी: लोक बेसूर होते म्हणून.

शिष्या: झालं तर!

गुरुजी: हसू नकोस. इंग्लंडात १६४४ साली पार्लमेंटने हुकूम काढून चर्चमधले ऑर्गन उतरवायला लावले. इथे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं, पुढे तीसेक वर्षं. ज्याचं पोट वाद्यावर, त्याने अशा वेळी काय करायचं? माझी शाळा होती. मला असला कुठला हुकूम शिवला नसता.

हा मुद्दा मला वाटला त्यापेक्षा वजनदार आहे. एका हाताला कला आणि दुसऱ्या हाताला नोकरी, ही मराठी वादकांची जुनी तजवीज आहे आणि ती भित्रेपणातून आलेली नाही. पण पेटीवरची बंदी उठली ती घरी बसून वाजवणाऱ्या नोकरदारांमुळे, की मैफलीत साथ करून पोट भरणाऱ्यांमुळे, हा प्रश्न गुरुजींनी विचारला नाही. मला तर दुसऱ्यांचंच श्रेय जास्त दिसतं.

शिष्या: गोव्याचं बघा. पोर्तुगिजांच्या काळात तिथे चर्चला जोडून शाळा निघाल्या. गावचा 'मेस्त्री' मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन धरायला, चार आवाजांत गायला शिकवायचा. त्या शाळांतली पोरं मुंबईला आली आणि बँडमध्ये, सिनेमात शिरली. अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे. वडील तिथल्या चर्चचे गायकवृंदप्रमुख. मुलगा मुंबईत व्हायोलिन वाजवायला लागला, सिनेमाचे वाद्यवृंद लिहायला लागला. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं ही त्यांनी गुरूला दिलेली दक्षिणा. हिंदी सिनेमात डझनावारी व्हायोलिनं एकत्र वाजली, त्यांचं स्वरलेखन वाचणारी बरीच माणसं गोव्याच्या चर्चनी तयार केली.

गुरुजी: आणि चर्चला काय मिळालं? शिकवलं देवळात, कमावलं स्टुडिओत.

शिष्या: कारण स्टुडिओ पैसे देत होता! गुरुजी, तुम्ही माझीच बाजू मांडताय.

गुरुजी: (हसून) वय झालं. पण ऐक. तू ऑर्गनची एवढी ओढ धरलीस, तुझ्याच चर्चचा दस्तऐवज काय म्हणतो? १९६३च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेवर जो काढला.

शिष्या: कलम १२०: पाइप ऑर्गनला मोठा मान द्यावा.

गुरुजी: आणि त्याच्या आधीचं, ११९? ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य ते महत्त्व द्यावं, आणि मिशनऱ्यांनीही ती शिकावी. मी प्रोटेस्टंट असून वाचलंय. तुझ्या मुलखातलं वाद्य कुठलं? तारपा. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आत जिभा, मेणाने बुजवलेल्या फटी, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. हवा दुधीत साठते आणि सूर तुटत नाही. पाइप ऑर्गनमध्ये तरी दुसरं काय आहे? पेटीत हवा भरायची, नळीतून सोडायची. लंडनला कशाला जायचं?

शिष्या: गुरुजी, हे मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांपैकी तारपा कुणीच वाजवत नाही.

गुरुजी: म्हणजे?

शिष्या: माझा आजा वाजवायचा. श्वास नाकाने आत आणि गालातला बाहेर, दोन्ही एकाच वेळी, तासन्‌तास. नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरायची, तारप्याकडे पाठ कुणी करायचं नाही. तो चाल बदलायचा आणि पन्नास पावलं बदलायची. त्या बाखला एवढी माणसं नाचवता आली नसती. पण त्याला काय मिळायचं? गावाने खाऊ-पिऊ घातलं ते. आता पाहुणे आले, मंत्री आले, महोत्सव आला की तारपा हवा असतो, रंगवलेल्या कमानीखाली. जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा, त्यांना उतारवयात पद्मश्री जाहीर झाली, २०२६ सालची. आनंदच झाला. पण त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराने आज संध्याकाळी काय खायचं, हे त्या पदकावर लिहिलेलं नसतं. आदिवासीने आपलं वाद्य फुकट वाजवायचं आणि गोऱ्याचं वाद्य शिकायला गेली तर तिला मुळांची आठवण करून द्यायची! दोन्ही वाजवीन की. पण दोन्हीचे पैसे लागतील.

इथे तिचा आवाज चढला होता. गुरुजींनी बाजूच्या तांब्यातून पाणी ओतून तिच्यापुढे सरकवलं. काही वेळ दोघं तारप्यावरच बोलत राहिले, भांडण सोडून: दुधी कुठल्या वेलाचा चांगला, मेण पोवळ्याचं की आग्या मोहोळाचं. तो भाग इथे देत नाही, कारण त्यात दोघांचं एकमत होतं.

गुरुजी: मला खरी भीती कशाची वाटते सांगू? तू शिकून येशील, आणि टिळकांच्या भजनाखाली विलायती कॉर्ड टाकशील. आमचं 'उपासना संगीत' उघड. त्यात अभंग आहेत, ओव्या आहेत, साक्या, दिंड्या, पदं. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली ती याच चालींवर. त्याच पुस्तकात इंग्रजी चालींवर बसवलेली गीतंही आहेत. पहिल्यांना तबल्याचा ठेका आणि मींड हवी, दुसऱ्यांना चार आवाज. एका रविवारी दोन्ही लागतात. तुझ्या लंडनच्या परीक्षेत अभंग आहे?

शिष्या: नाही.

गुरुजी: आणि आमच्या मंडळाच्या परीक्षेत चार आवाज?

शिष्या: तेही नाहीत.

गुरुजी: मग?

शिष्या: मग हाच तर अभ्यासक्रम नाहीये ना कुठे! मराठी चर्चच्या वादकाला दोन शिक्षणं लागतात आणि एकही पूर्ण मिळत नाही. अभंगाखाली कॉर्ड टाकू नये हे मला तुम्ही शिकवलंत, समेवर यायच्या आधी हात उचलून गाणाऱ्याला श्वास द्यायचा हेही. ऑर्गनवर ते आणखी जपावं लागतं. ऑर्गन स्वतः श्वास घेत नाही, बोट ठेवलं तोवर वाजतो, म्हणून ओळ संपताना वाजवणाऱ्याने जाणूनबुजून बोटं उचलायची, नाहीतर लोक गुदमरतात. हे दोन्ही ज्याला येतं असा माणूस तयार करायला वर्षं लागतील. ती कोण देणार, आणि कशाच्या आधारावर?

गुरुजी: पटतंय, पण आमचं चर्च लहान आहे. वर्षाचा खर्च बघ: वीज, रंगरंगोटी, पाळकांचं वेतन. संगीताचं कलमच नाही.

शिष्या: म्हणून एका चर्चने नाही द्यायचं. डहाणू, तलासरी, घोलवड, पालघर. चार चर्चनी मिळून एक वादक. दर महिन्याला प्रत्येकाकडे एक रविवार, बाकीच्या रविवारी त्याने शिकवलेली मुलं. लग्नाचं शुल्क वेगळं. इंग्लंडात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग असेल तर ऑर्गनिस्ट जास्त पैसे लावतो.

गुरुजी: इथे लावलंस तर व्हिडिओवाल्याला ठेवतील, तुला काढतील.

शिष्या: बघू की.

गुरुजींनी फुलस्केप कागद काढला. शिक्षकाचं वळणदार अक्षर; 'मा. अध्यक्ष व सभासद' लिहून दोन बोटं जागा सोडली. पहिलं कलम मुलांना शिकवण्याचं असावं आणि पैशाचं शेवटी, असं त्यांचं म्हणणं. तिचं उलट. बरीच ओढाताण झाल्यावर शिकवण्याचं कलम वर गेलं, पण त्यात 'दर तासामागे' असा आकडा आला. तालमीचे दोन तास वेगळे धरायचे की नाही, यावर पुन्हा अडलं. गुरुजींच्या मते तालीम म्हणजे घरचा अभ्यास, त्याचे पैसे कसले? तिने विचारलं, शाळेत पाठाच्या टाचणाचा वेळ पगारात धरत होते की नव्हते. टाचणाचं नाव निघताच गुरुजींनी तालमीचे तास लिहून टाकले. पायपेटीच्या दुरुस्तीसाठी वार्षिक तरतूद हे कलम त्यांनी स्वतःहून घातलं, अधोरेखितही केलं.

गुरुजी: पहिला प्रश्न येणार, ती कॅथलिक आहे.

शिष्या: सांगा, तुम्ही प्रोटेस्टंट, ही अडचण तिच्या घरच्यांनाही आहे.

गुरुजी: आणि नाताळचं काय? अर्ज मंजूर व्हायला मार्च उजाडेल.

शिष्या: या नाताळला मी मुंबईत. ते ठरलंय.

गुरुजी: मग इथे कोण?

शिष्या: तुम्ही.

गुरुजी: माझ्या गुडघ्याने आता भाता मारवत नाही. अर्ध्या गाण्यात दम जातो वाऱ्याचा.

शिष्या: हेही अर्जात लिहा. पहिल्या कलमाच्या वर.